कोळीवाड्यांतील पोर आणि खडकवासल्याचा प्रवेश

जुहूच्या कोळीवाड्यांतील एका घरचा मुलगा यंदा अकरावींत गेला असून खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत जावें असें त्याच्या मनांत आहे. घरच्या मंडळींनीं आम्हांस विचारलें कीं, मासळीवर पोट भरणाऱ्या घरच्या पोरास तेथें प्रवेश मिळण्याचा संभव कितपत? वशिला लागतो काय? आणि होडीच्या नव्या इंजिनासाठीं बाजूस ठेवलेले पैसे क्लासच्या फीस द्यावेत काय? साताऱ्याकडचा शेतकरी आणि कोल्हापूरकडचा लोहारही हेंच विचारतो, म्हणून उत्तर येथें चारचौघांसमक्ष देतों.

वशिल्याची शंका प्रथम काढून टाकूं. परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षांतून दोनदां घेतो. गणितास ३०० गुण, सामान्य क्षमतेस ६००, त्यांत इंग्रजीचे २००. आणि सेवा निवड मंडळाच्या चांचणीस ९००. एकूण १८००. मंडळ मुलांस पांच दिवस ठेवून घेतें. मानसशास्त्रज्ञ, गटाचें काम पाहणारा अधिकारी व मुलाखत घेणारा अधिकारी हे तिघे आपआपल्या परी मुलास जोखतात आणि शेवटीं एकत्र बसतात. तेथें आमदाराची चिठ्ठी नेली तरी ती द्यावी कोणाच्या हातीं, हेंच नेणारास कळणार नाहीं. जातीचा प्रश्नही निवडींत येत नाहीं; राखीव जागा नाहींत, तसा कोणास मज्जावही नाहीं.

पण भीति उगाच बसलेली नाहीं. आमच्या घरांनीं सैन्यास शिपाई पुरविले, अधिकारी फारसे नाहींत. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे या एका गांवचे ४६ जवान पहिल्या महायुद्धांत पडले. दुसऱ्या महायुद्धांत इटलीच्या रणांगणावर १९४४ सालीं यशवंत घाडगे यांनीं प्राण देऊन आणि १९४५ सालीं नामदेव जाधव यांनीं व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. पहिले नाईक, दुसरे शिपाई. सँडहर्स्टला हिंदी मुलांकरितां १९१८ पासून वर्षास १० जागा ठेवल्या गेल्या, पण तेथला खर्च पेलणारें घर शेतकऱ्याचें नव्हतें. जुहूच्या विमानतळावर जे. आर. डी. टाटा टपालाचें विमान घेऊन उतरले तो १५ ऑक्टोबर १९३२ चा दिवस. त्याच महिन्याच्या १ तारखेस डेहराडूनची सैनिकी अकादमी ४० तरुणांनिशीं सुरू झाली होती. विमान कोळीवाड्यानें पाहिलें असेल. डेहराडूनची बातमी तेथें कोणी वाचली असेल असें वाटत नाहीं. आज खडकवासल्याचें तीन वर्षांचें शिक्षण, राहणें व जेवण सरकारी खर्चानें होतें. अर्जाची फी १०० रुपये, आणि मंडळाच्या चांचणीस पहिल्या खेपेस जाणारास रेल्वेचें भाडें मिळतें. म्हणजे पैशाची भिंत पडली आहे. मग उरलें काय?

उरलें तें इंग्रजी आणि गणित. प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदींत निघते, मराठींत नाहीं. ही गोष्ट आम्हांस खटकते, पण ती बदलेपर्यंत पोराचें वय थांबणार नाहीं. साडेसोळा ते साडेएकोणीस एवढीच मुदत असते, त्यांत तीन-चार खेपा बसतां येतें. भूदलास बारावीची कोणतीही शाखा चालते. नौदल व वायुदलास मात्र भौतिक, रसायन आणि गणित लागतें. गणिताचा पेपर सर्वांनाच आहे, हें कलाशाखेच्या मुलांस पुष्कळदां फार उशिरां कळतें. दर खेपेस जागा सुमारें ४०० आणि अर्ज लाखांनीं, तेव्हां संभव मोठा आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. तथापि आयोगाचे आंकडे पाहिले तर २०२१ ते २०२३ या वर्षांत लेखीची सीमा ९०० पैकीं साधारण ३०० ते ३६० आणि अखेरची १८०० पैकीं ६५० ते ७२० एवढीच होती. शाळेंत पहिला येणारा पोरच तेथें जातो ही समजूत खोटी आहे. चुकीच्या उत्तरास गुण कापतात, म्हणून अंदाजानें खुणा करीत सुटणारा बुडतो. नेमकें तेवढेंच सोडविणारा तरतो.

निम्मे गुण ज्या पांच दिवसांवर आहेत तेथें कोळ्याचा पोर कमी पडण्याचें कारण नाहीं. दोर व फळ्या देऊन गटास अडथळा ओलांडावयास सांगतात. बापाबरोबर होडीवर गेलेल्या मुलास गांठ मारावयास कोणी शिकवावें लागत नाहीं, आणि तांडेलाचा हुकूम ऐकणें व खलाशांस सांभाळून घेणें हें दोन्ही त्यानें पाहिलेलें असतें. तो अडतो तें बोलण्यांत. वडिलांसमोर तोंड उघडायचें नाहीं ही आपली घरची रीत. तेथें तर आपलें मत सांगावेंच लागतें. तेव्हां घरीं त्यास बोलूं द्या. मासळीचा हिशेब, सोसायटीचें कर्ज, बाजारभाव यांवर त्याचें म्हणणें विचारा, आणि चुकला तर हंसूं नका.

क्लासवाल्याविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. जो प्रवेशाची हमी देतो त्याच्याकडे जाऊं नये. ९०० गुण ज्याच्या हातांत नाहींत तो हमी कसली देणार? इंजिनाचे पैसे हलवूं नयेत. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आयोग फुकट प्रसिद्ध करतो, त्या सोडवाव्यात, आणि गणिताच्या चांगल्या मास्तरांची शिकवणी तेवढी लावावी. त्याहीपूर्वीं कूपर रुग्णालयांत जाऊन डोळे तपासून घ्यावेत. रंग नीट ओळखतां येत नसतील तर तो दोष जन्माचा असतो आणि अभ्यासानें जात नाहीं. नौदलाची आशा धरून दोन वर्षें घालविल्यावर तो कळणें वाईट.

ज्यांचीं मुलें अजून दहावींत आहेत त्यांनीं राज्य सरकारच्या सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्थेची जाहिरात पहावी. छत्रपती संभाजीनगरची ही संस्था १९७७ पासून अकरावी-बारावीच्या मुलांची याच परीक्षेसाठीं तयारी करून घेते. जुहूच्या मुलाची ती वेळ गेली. पण त्याची धाकटी बहीण यंदा दहावीस आहे असें कळतें. तिच्याविषयीं आम्हांस कोणी विचारलें नाहीं, तरी सांगतों. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या हुकुमानें मुलींस परीक्षा खुली झाली, २०२२ सालीं त्या खडकवासल्यास दाखल झाल्या, आणि मे २०२५ मध्यें पहिल्या १७ जणी शिक्षण पुरें करून बाहेर पडल्या. मुलींसाठीं तशीच सरकारी संस्था नाशिक येथें २०२३ पासून आहे. अर्जाची फी मुलींस माफ असते.