घडीत गेलेली शंभर वर्षे

विद्यापीठाची पायरी आम्ही कधी चढलो नाही. मॅट्रिक झालो, पुढे पाठशाळेत संस्कृत शिकलो, मालवणच्या आसपासच्या शाळांतून तीस-पस्तीस वर्षे तेच शिकविले आणि निवृत्त झालो. तेव्हा विद्यापीठातील विद्यार्थ्याने शोधनिबंध कसा लिहावा ह्या विषयावर लेखणी उचलण्याचा अधिकार आम्हास नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. परंतु अशा एका निबंधात आमची साक्ष निघाली, उलटतपासणी झाली, आणि निकाल आमच्याविरुद्ध लागला. हरलेल्या पक्षकारासही कोर्टाची हकीकत सांगण्याची मुभा असते. तेवढ्याच नात्याने ह्या महिन्यात हा विषय घेतला आहे.

आमच्या घरच्या दप्तरात एक मोडी कागद आहे. घराच्या मागील बारा माडांचे उत्पन्न ग्रामदेवतेच्या नंदादीपाकडे लावून दिल्याचा तो कागद. आमच्या चुलत आजोबांनी त्याची बाळबोध नक्कल एका वहीत करून ठेविली होती. त्या नकलेत सन होता 'अर्बा सबैन अलफ'. शुहूर सनाचे अंक अरबी शब्दांत लिहीत. अर्बा म्हणजे चार, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार, एकूण १०७४. त्यात ५९९ मिळविले की इसवी सन १६७३ येतो, आणि हे वर्ष मृगापासून मृगापर्यंत चालत असल्याने १६७४ च्या पूर्वार्धापर्यंत पोहोचते. म्हणजे राज्याभिषेकाच्या अगदी उंबरठ्यावरचा कागद! आम्ही तरुणपणी एका स्थानिक वार्षिकात त्यावर लेख लिहिला, तोही पुष्कळशा अभिमानाने. पुढे तुळशीवृंदावनाशेजारी 'इ. स. १६७३' असा दगड बसला. २०२३ साली घरातल्या सर्वांनी मिळून ३५० वर्षांचा सोहळा केला. मुंबई, पुणे, बेळगाव येथून नातलग आले, आणि आमचा तो लेख पुनः छापून पानसुपारीबरोबर वाटला गेला.

आमच्या थोरल्या बंधूंचा नातू मुंबई विद्यापीठात इतिहास विषय घेऊन एम. ए. करीत आहे. त्यास शोधनिबंध लिहावयाचा होता. घरच्या कागदावर लिहावा असे आम्हीच सुचविले. मुलगा कष्टाळू. त्याने महिन्याभरात तीस पाने लिहून आणिली आणि आम्हास वाचावयास दिली. पहिली सात पाने 'इतिहास म्हणजे काय' ह्यावर. त्यानंतर किल्ले सिंधुदुर्गाचे वर्णन, १६६४ सालच्या पायाभरणीपासून. नंतर आमच्या लेखाचा सारांश. शेवटी कोकणच्या संस्कृतीचा गौरव. आम्हास ते फार आवडले. शाळेतल्या निबंधास आम्ही दहापैकी नऊ गुण दिले असते. त्याच्या प्राध्यापकांनी मात्र तीस पानांवर मिळून एकच वाक्य लिहिले होते: तुमचा प्रश्न कोणता?

ह्या शेऱ्याचा आम्हास राग आला होता, हे लपवीत नाही. पण मुलगा विचारात पडला. गणपतीस तो कुडाळास गाडीतून उतरून घरी आला तो हेच घोळवीत. आरतीनंतर ओसरीवर बसून म्हणाला, "अप्पाआजोबा, कागदात 'छत्रपती स्वामी' असा शब्द आहे ना? राज्याभिषेक ६ जून १६७४ चा. त्या आधीच्या कागदांत 'राजश्री शिवाजी राजे' असे असते. मग आपल्याच कागदात आधीपासून छत्रपती कसे?"

आम्ही उत्तर दिले की प्रजेने त्यांना मनात केव्हाच छत्रपती मानले होते. उत्तर ऐकावयास गोड होते. इतकी वर्षे शिक्षक म्हणून काढल्यावर अशी उत्तरे जिभेवर तयार असतात. मुलाने मान डोलाविली आणि वंशावळीचा कागद पुढे केला. माडांच्या कागदात ज्यांचे नाव आहे ते मूळपुरुष आमच्यापासून वर सातवे. सात पिढ्यांत तीनशे वर्षे बसवावयाची तर प्रत्येकाने बेचाळीस वर्षांच्या वयापर्यंत मुलाची वाट पाहिली असे मानावे लागते, आणि तेही त्या काळात, जेव्हा विशीच्या आत लग्ने होत. मधली दोनतीन नावे गळाली असतील, असे आम्ही म्हणालो. "असतील," तो म्हणाला, "पण गळाली हे कशावरून?"

तेव्हा मूळ कागद काढला. येथे एक कबुली द्यावयाची आहे. लेख लिहिताना आम्ही मूळ कागद उलगडलाच नव्हता. जीर्ण आहे, फाटेल, म्हणून नक्कलच प्रमाण धरिली. सनाची ओळ नेमकी घडीवर आलेली आहे. घडीवर कागद झिजून दोरीसारखा झाला आहे. मुलाने फोनवर त्याचे छायाचित्र घेऊन मोठे केले, तेव्हा 'सबैन' आणि 'अलफ' ह्यांच्यामध्ये, घडीच्या वर व खाली, काही रेघांची टोके दिसू लागली. मोडीत बोरू न उचलता लिहितात, शब्दांत अंतर नसते, म्हणून ती टोके आधी कोणाच्या लक्षात आली नाहीत. कागद तिरपा धरून, बाजूने उजेड टाकून पाहता शब्द लागला: मया. आणि पुढे एक 'व'. अर्बा सबैन मया व अलफ.

मया म्हणजे शंभर. सन १०७४ नव्हे, ११७४. इसवी १७७३-७४. अशीच रीत पानिपतच्या वर्षाची: इहिदे सितैन मया व अलफ, ११६१, म्हणजे १७६०-६१. तेथे कोणी मया गाळीत नाही, कारण पानिपत केव्हा झाले हे सर्वांस ठाऊक असते. आमच्या कागदात तो गळाला, कारण तो गळावा अशी आमची इच्छा होती. जन्मभर पोरांकडून मया, आवाभ्याम्, अस्माभिः घोकून घेतले. 'मया' म्हणजे 'माझ्याकडून' हे झोपेतही सांगू. चूकही अखेर मयाच झाली. असो.

मुलगा त्या रात्री फार आनंदात होता, आणि आनंद दाखवावा की नाही ह्या संकोचात. त्याला प्रश्न मिळाला होता. शोधनिबंध म्हणजे पुष्कळ माहिती एकत्र आणून तिला मथळा देणे, अशी आमची समजूत होती. आमच्या पिढीतील बहुतेकांची तीच असेल. आता आमच्या ध्यानात आले की तेथे आधी एक अडचण पाहिजे, जी सोडविल्यावाचून पुढे जाता येत नाही. 'इतिहास म्हणजे काय' ही सात पाने त्याने आपल्या हाताने काढून टाकली. आमचा जीव हळहळला, त्यात एक सुभाषित आमचे होते.

ह्या कामी आधार सापडला तो मालवणचाच. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ६ जुलै १८३७ रोजी मालवणात जन्मले. मुंबई विद्यापीठाच्या १८६२ च्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. आमच्या पिढीने त्यांना संस्कृतच्या पहिल्या व दुसऱ्या पुस्तकांचे कर्ते म्हणून ओळखले. रूपे पाठ केली आणि तेथेच थांबलो. मुलाने त्यांची इतिहासविषयक व्याख्याने वाचली. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा की इतिहास लिहिणाऱ्याने न्यायाधीशाप्रमाणे पुरावा तोलावा. आपल्या देशाचा वा कुळाचा गौरव निघावा अशी इच्छा धरून बसू नये, आणि उलट बाजूचा आकसही धरू नये. ज्यांची व्याकरणे आम्ही वर्षानुवर्षे शिकविली, त्यांचे हे म्हणणे आम्ही साठी उलटल्यावर नातवाकडून ऐकले. पुण्यास त्यांच्या नावाने १९१७ साली निघालेल्या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे खपून पुरी केली, ती शेकडो पोथ्या एकमेकींशी ताडून. आम्हाला एक कागद उलगडावयाचा होता.

थोरामोठ्यांच्या बाबतीतही सन बदलतात, हे सांगून आम्ही आमचे समाधान करून घेतले. शिवछत्रपतींचा जन्म शके १५४९ चा, म्हणजे १६२७ सालचा, असे पिढ्यान्‌पिढ्या मानीत. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली, तीत फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद निघाली. पुढे परमानंदाचे संस्कृत शिवभारत १९२७ साली छापले गेले, तेही ह्याच तिथीच्या बाजूने बोलले. तरी वाद चालला, आणि महाराष्ट्र शासनाने ती तारीख स्वीकारली २००१ साली. पंचाऐंशी वर्षे! त्या मानाने आमच्या ओसरीवरचा वाद एका दिवाळीपर्यंत आटोपला.

मध्यंतरी मुलाने एक गंमत केली. हल्ली संगणकास विषय सांगितला की तो निबंध लिहून देतो. त्याने आमचा जुना लेख त्यास दिला आणि इंग्रजीत मांडावयास सांगितले. क्षणात चार पाने आली. आमची चूक इंग्रजीत फारच भारदस्त दिसत होती. यंत्राने घडी उलगडून पाहिली नव्हती, तसे आम्हीही पाहिले नव्हते, तेव्हा त्यास दोष कोणत्या तोंडाने द्यावा? उसन्या मजकुराविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. दुसऱ्याच्या लेखनाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. पुढे पायऱ्या आहेत, आणि साठ टक्क्यांवर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते. टक्केवारी मोजणे ठीक आहे. पण आमच्या लेखात उसना शब्द एकही नव्हता आणि तरी तो खोटा होता, हे कोणत्या टक्केवारीत धरणार? मल्लिनाथाने टीका लिहिताना, ज्याला आधार नाही असे काही लिहिणार नाही, अशी प्रतिज्ञा केली होती. पानाखालच्या टीपा पाहून आम्हास प्रथम वाटे की हा पांडित्याचा डौल आहे. तो डौल नव्हे. मला हे कोठे मिळाले, तुम्ही जाऊन पाहा, असे वाचकास दिलेले ते निमंत्रण आहे.

खरी कसोटी दिवाळीत लागली. मुलाचा नवा मसुदा शास्त्रग्रंथाच्या पद्धतीने मांडलेला होता: आधी पूर्वपक्ष, मग सिद्धान्त. पूर्वपक्ष आम्ही. आमचे म्हणणे त्याने इतक्या नेटकेपणाने मांडले होते की आम्हासही ते इतके चांगले मांडता आले नव्हते. आणि पुढील सहा पानांत ते एकेक करून खोडले होते. बंधूंनी मसुदा वाचला, चष्मा काढून ठेविला आणि म्हणाले, "कागद घरचा आहे. बाहेर जाणार नाही."

कोणी काही बोलेना. वहिनी फराळाची ताटे घेऊन दारातच उभ्या राहिल्या. मुलगा म्हणाला, "आजोबा, तुमची परवानगी नसेल तर मी दुसरा विषय घेईन. पण हाच घेतला तर १६७३ लिहिता येणार नाही."

"दोन वर्षांमागे शंभर पाने जेवली ह्या अंगणात," बंधू म्हणाले. "त्यांना काय सांगू? आणि ह्याचे नाव?" असे म्हणून आमच्याकडे बोट केले.

आम्हास त्या क्षणी बंधूंचा पक्ष घ्यावासा वाटला, हे खरे आहे. आमचे नाव हा तेथे चांगलाच आडोसा होता. पण मुलगा आमच्याकडे पाहात होता, आणि वर्गात चूक कबूल करणाऱ्या पोरास आम्ही कधी छडी मारली नव्हती. आम्ही म्हणालो, "दादा, माझ्या नावाची काळजी तुम्ही करू नका. चूक माझी आहे, ती मीच छापून सांगतो." तो शब्द आज येथे पाळीत आहोत. ज्यांच्याकडे आमचा तो पुनर्मुद्रित लेख असेल त्यांनी १६७३ खोडून १७७३ करावे.

निबंध आता गेला आहे. त्यात सांगितले आहे ते थोडके. हा कागद १७७३-७४ चा. म्हणजे इंग्रजांनी १७६५ साली सिंधुदुर्ग घेऊन त्यास फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले आणि पुढील वर्षी तो करवीरकरांस परत केला, त्यानंतर सातआठ वर्षांचा. तेव्हा 'छत्रपती स्वामी' म्हणजे करवीरचे छत्रपती. इंग्रज गेल्यावर करवीर दरबाराने गावोगावच्या देवांची व्यवस्था नव्याने लावून दिली काय, असा प्रश्न त्याने उभा केला आहे आणि एका कागदावरून त्याचे उत्तर देता येत नाही असेही लिहिले आहे. कोल्हापूरच्या पुरालेखागारात तो चार दिवस बसला होता. आमच्या बारा माडांचा तेथे उल्लेख मिळाला नाही, तेही त्याने टीपेत नोंदविले. हे न मिळालेले कशाला सांगावयाचे, असे आम्ही विचारले. "दुसरा कोणी तेच शोधायला जाईल, त्याचे चार दिवस वाचतील," तो म्हणाला.

दगड अजून तेथेच आहे. बंधूंनी त्यावर काही बोलणे टाळले. मुलगा मुंबईस निघाला त्या सकाळी मात्र त्याला त्यांनी जवळ बसविले, आणि अर्बा, सबैन, मया, अलफ असे एकेक बोट मिटीत सन पुनः मोजून घेतला.

"म्हणजे तीनशे वर्षे भरणार २०७३ ला," ते म्हणाले. "तेव्हा तू किती वर्षांचा असशील?"

"सत्तरीला टेकलेला असेन, आजोबा."

"मग पत्रिका तूच लिही. आणि सन घालण्यापूर्वी कागद उघडून पाहा."