नियंत्रण-कक्षातील कर्तृत्व

दूरचित्रवाणीवरील मुलाखतींच्या आणि खेळांच्या कार्यक्रमांचे सारे श्रेय सूत्रसंचालकाच्या पदरी टाकण्याची आपणांस इतकी सवय जडली आहे, की या कार्यक्रमांनाही दिग्दर्शक असतो आणि समोर दिसणारे प्रत्येक चित्र त्याच्या हुकुमाने आलेले असते, ही गोष्ट समीक्षकांच्याही खिजगणतीत नसते. हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतील डिक कार्सन यांची कारकीर्द पाहावी. त्यांचे ज्येष्ठ बंधू जॉनी कार्सन यांनी १९६२ च्या ऑक्टोबरात ‘टुनाइट शो’ या रात्रीच्या मुलाखतींच्या कार्यक्रमाची सूत्रे स्वीकारल्यानंतर त्या दशकात काही वर्षे त्याचे दिग्दर्शन डिक यांच्याकडे होते, पुढे मर्व्ह ग्रिफिन यांच्या मुलाखतींचा कार्यक्रम आणि नंतर ग्रिफिन यांनीच निर्मिलेला ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’ हा शब्दकोड्यांचा खेळ त्यांनी दीर्घकाळ सांभाळला. २०२१ साली, वयाच्या ९२ व्या वर्षी, ते निवर्तले. जॉनी यांची कीर्ती देशोदेशी पसरली; डिक यांचे नाव मात्र श्रेयनामावलीपुरतेच राहिले.

चित्रपटाच्या दिग्दर्शकास दृश्य पुन्हा घेण्याची मुभा असते. अशा कार्यक्रमांत ती बहुधा नसते. पाहुणा उत्तर देता देता थबकला, की त्याच्या मौनावर कॅमेरा स्थिर ठेवावा, की सूत्रसंचालकाच्या मुद्रेवर न्यावा, याचा निर्णय समोरच्या चार-पाच पडद्यांकडे पाहत क्षणार्धात करावा लागतो, आणि कॅमेऱ्यांची चित्रे बदलणाऱ्या व्हिजन मिक्सर या यंत्रावर बसलेल्या सहकाऱ्यास कॅमेऱ्याचा क्रमांक सांगून झाला, की तो निर्णय फिरवता येत नाही. खेळाच्या कार्यक्रमात तर घरी बसलेला प्रेक्षकही मनातल्या मनात स्पर्धकच असतो. अक्षरांचा फलक त्याच्या डोळ्यांसमोर पुरेसा वेळ राहिला नाही, तर खेळातील त्याचा वाटाच हिरावला जातो, आणि स्पर्धकाच्या चेहऱ्यावरील घालमेल दिसली नाही, तर खेळातील माणूस हरवतो. या दोहोंमधील तोल वर्षानुवर्षे, दररोज सांभाळणे ही मला कोणत्याही नाट्यदिग्दर्शनाइतकीच प्रतिष्ठेची साधना वाटते.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेथील ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ या मुलाखतींच्या कार्यक्रमामुळे सूत्रसंचालिका तबस्सुम घरोघरी पोहोचल्या, परंतु त्या मुलाखतींच्या वेळी नियंत्रण-कक्षात कोण बसले होते, हे आज किती जणांस सांगता येईल? वृत्तपत्रांनी परीक्षणात दिग्दर्शकाचा नामनिर्देश करण्याचा दंडक पाळावा आणि वाहिन्यांनी श्रेयनामावली वाचता येईल अशा गतीने दाखवावी. त्याहून निकडीचे काम दूरदर्शनचे व विद्यापीठांचे आहे: त्या पहिल्या पिढीचे जे निर्माते व दिग्दर्शक आज वार्धक्यात आहेत, त्यांच्या कामाच्या तपशीलवार जबान्या याच वर्षी ध्वनिमुद्रित करून दफ्तरी दाखल कराव्यात.