हौजिंगचे तेल घरी बदला, पण विहिरीपासून लांब

टोमॅटोचा हंगाम लागला की दिंडोरी, चांदवड, कळवण या बाजूंनी पिंपळगाव बसवंतच्या बाजाराकडे पिकअप गाड्यांची रीघ लागते. पासिंग किती आणि क्रेट किती, हा विषय आज बाजूला ठेवू. त्यावर पुन्हा कधीतरी लिहावेच लागेल. आजचा विषय त्या गाडीच्या पोटाखालचा आहे. गाडी घेताना शेतकरी टायर बघतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, घेतल्यावर इंजिनाचे ऑइल वेळच्या वेळी बदलतो. मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो लोखंडी फुगवटा असतो त्याच्याकडे मात्र तो वर्षानुवर्षे वळूनही पाहत नाही. पुस्तकी भाषेत तो डिफरन्शियल, गॅरेजच्या भाषेत हौजिंग किंवा नुसतेच ‘क्राऊन’. इंजिनाच्या ऑइलचा दाब घटला तर समोर लाल दिवा लागतो. हौजिंगला दिवा नाही. तिथले तेल संपल्याचे कळते ते घाटात आवाज सुरू झाल्यावर, आणि तेव्हा क्राऊन-पिनियनचे दात गेलेले असतात. मालासकट गाडी रस्त्यात उभी, भाव सकाळचा, आणि माल पोहोचणार दुसऱ्या दिवशी. हा हिशेब कुणी सांगायला नको.

हे तेल बदलणे घरी जमण्यासारखे काम आहे आणि शेतकऱ्याने ते शिकून घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र निघालेल्या जुन्या तेलाचे काय करायचे हे ठरल्याशिवाय नटाला पाना लावू नये, हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याबद्दल ग्रामपंचायतींनाही चार शब्द ऐकवायचे आहेत.

आधी तेल कोणते ते पाहू. ‘नव्वद नंबर द्या’ म्हटले की दुकानदार डबा काढून देतो. नव्वद हा झाला जाडपणा. त्याच्यापुढे जीएल-४ आहे की जीएल-५, हे कोणी विचारत नाही. हौजिंगमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, दाबाखाली घसटतात. त्या दाबाला टिकणारी गंधकयुक्त रसायने जीएल-५ मध्ये जास्त असतात, म्हणून हौजिंगला बहुधा जीएल-५ लागते. तेच तेल गिअरबॉक्समध्ये ओतले तर आतल्या पितळी रिंगांना ते बाधू शकते. एकच डबा दोन्हीकडे रिकामा करण्याची सवय म्हणूनच वाईट. ज्यांच्या जीपला किंवा कॅम्परला पुढच्या चाकांनाही जोर आहे, त्यांच्याकडे पुढे आणखी एक हौजिंग आणि गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. तिथे गोंधळ अधिक. जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये नुसते गिअर असतात आणि गिअर ऑइल चालते. नव्या काही गाड्यांत आत साखळी असते आणि तिला पातळ, लाल रंगाचे एटीएफ लागते. तिथे नव्वद नंबर भरले तर गाडी फोर व्हीलमध्ये पडताना अडते. साध्या दोनचाकी जोराच्या पिकअपला ट्रान्सफर केस नसतेच, ती शोधत बसू नये. गाडीसोबत आलेली पुस्तिका देव्हाऱ्याजवळच्या पिशवीत आरसी बुकाबरोबर पडून असते. तेलाचा नंबर आणि माप त्यात छापलेले आहे. किती किलोमीटरला बदलायचे तेही आहे, आणि जड भार, घाट, धूळ, पाणी असेल तर लवकर बदला असेही बहुतेक पुस्तिकांत लिहिलेले असते. आपल्या गाड्या त्या दुसऱ्या रकान्यातल्या.

पाण्याचे जरा विस्ताराने सांगतो, कारण पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या भागात पावसाळाभर गाड्या फरशी पुलावरच्या पाण्यातून काढल्या जातात. (वाहत्या पाण्यात गाडी घालूच नये, पण लोक घालतात.) चालून तापलेले हौजिंग थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते. हौजिंगच्या डोक्यावर हवेसाठी एक छोटी नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती चिखलाने बुजलेली असेल तर हवेऐवजी सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. तेल मग ताकासारखे पांढुरके होते. असे तेल दिसले तर किलोमीटर न मोजता बदलावे आणि ब्रीदर आधी साफ करावा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. पावसाळा संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास एकदा नट सैल करून पाहण्याची रीत पाडून घेतली तर फार बरे.

आता प्रत्यक्ष काम. पिकअपखाली माणूस आरामात सरपटत जातो, म्हणून शक्यतो जॅक लावूच नये. जॅकवर उभ्या गाडीखाली शिरणे म्हणजे जीव टांगणीला लावणे. उचलावीच लागली तर खाली भक्कम घोड्या हव्यात, विटा नकोत. जागा सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दोन्ही बाजूंनी उटी हवी. गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणली की तेल पातळ होऊन निथळते, पण लगेच हात घालू नये, चटका बसतो. पहिला खोलायचा नट वरचा, म्हणजे भरायचा. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरे. खालचा नट आधी काढून तेल सांडले आणि मग वरचा गंजलेला नट निघालाच नाही, तर गाडी जागेवर अडकली.

खालच्या नटाला अनेक गाड्यांत लोहचुंबक असते. त्यावर राखाडी मलमासारखा थर असेल तर घाबरू नका, तो नेहमीच्या झिजेचा. बोटाला टोचणारे तुकडे किंवा दाताचा टवका निघाला तर मात्र नवे तेल ओतून स्वतःची समजूत काढू नये, मिस्त्रीला बोलवावे. नट पुसून, वॉशर खराब असल्यास बदलून बसवावा आणि वरच्या भोकातून तेल काठाशी येईपर्यंत भरावे. काठाशी आले की थांबावे. ‘थोडे जास्त असलेले बरे’ हा हिशेब इथे चालत नाही. जास्तीचे तेल फेसाळते, सीलमधून बाहेर येते, आणि मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये उतरले तर सावळघाटात ब्रेक धरणार नाही. भरण्यासाठी ऑइलचा हातपंप किंवा बाटली आणि नळी पुरते. औषध फवारणीचा पंप मात्र वापरू नये, त्यातला अंश आत जातो. वॉरंटीतली नवी गाडी असेल तर घरचा खटाटोप न करता कंपनीच्या केंद्रातच करून घ्यावे.

ट्रॅक्टरला हे जसेच्या तसे लावू नये. बहुतेक ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांना एकच तेल असते, ते कितीतरी जास्त लागते आणि त्याचा फिल्टरही वेगळा असतो.

पिकअपच्या हौजिंगमधून निघते साधारण दोन-अडीच लिटर तेल. ते कुठे जाते? बांधावर, नाल्यात, उकिरड्यावर. कुणी जनावराच्या जखमेला लावतो, तेही घातक आहे. उरलेले फेरीवाला नेतो, आणि त्यातलेच काही गाळून नव्या डब्यात परत येण्याची भीती असते. म्हणून रिकामा डबा भंगारात देताना भोक पाडूनच द्यावा. वापरलेले तेल २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. २०२३ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुने तेल पुनर्वापराला लावण्याची जबाबदारीही टाकली आहे. कागद चांगला आहे. वाडीवरच्या माणसाने पाच लिटरचा कॅन घेऊन जायचे कुठे, हे मात्र त्यात सापडत नाही.

इथे ग्रामपंचायतीने पुढे यावे. गावात पन्नास ट्रॅक्टर आणि वीस पिकअप असतील तर वर्षाला निघणारे तेल थोडके नाही, आणि पाणीपुरवठ्याची विहीर बहुतेक ठिकाणी नाल्याच्या काठावरच आहे. झाकणाचा एक ड्रम, छपराखाली, पक्क्या कोब्यावर, पिण्याच्या पाण्यापासून लांब, एवढाच खर्च. ड्रम भरला की महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्यालाच तो द्यावा आणि पावती दप्तरी ठेवावी. अशा परवानाधारकांची यादी मंडळाच्या नाशिक कार्यालयाकडे लेखी मागता येते. हे पत्र सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना गाव अजून भाऊसाहेबच म्हणते, यांनी एका दुपारी लिहून पाठवावे. तालुक्याच्या आयटीआयमध्ये डिझेल किंवा ट्रॅक्टर मेकॅनिकचा वर्ग असेल तर तिथल्या निदेशकांना एक दिवस गावात बोलावून चावडीसमोर एका गाडीचे तेल बदलून दाखवायला सांगावे. ग्रामसभेपुढे हे दोन्ही ठराव पावसाळ्याआधी आले तर दिवाळीच्या तेलबदलाला ड्रम जागेवर असेल.