गृहचर्चा : ताडोबाची एक रात्र

गिरगांव, दादर, परळ येथील मुलांना वाघाची पहिली ओळख भायखळ्याच्या राणीच्या बागेंत होत आली आहे. हल्लीं मात्र सुटींत सहकुटुंब ताडोबास जाण्याची चाल आपल्या घरांतून बरीच रूढ झाली आहे. रात्रीच्या आगगाडीनें नागपूर गांठावयाचें, तेथून मोटारीनें चंद्रपूर जिल्ह्यांतील मोहर्ली किंवा कोलारा येथें उतरावयाचें, आणि एक रात्र वनाच्या दाराशीं काढून पहाटे उघड्या जीपगाडींतून आंत शिरावयाचें, असा हा बेत असतो. तो स्तुत्यच आहे. परंतु आपण कोणाच्या अंगणांत मुक्काम करणार, हें घरांतील वडील माणसांनीं निघण्यापूर्वीं मुलांना सांगितलें पाहिजे. त्याकरितांच हा लेखप्रपंच.

ताडोबा हें राज्यांतील सर्वांत जुनें राष्ट्रीय उद्यान. त्याची स्थापना १९५५ सालीं झाली आणि १९९५ सालीं अंधारी अभयारण्यासह तेथें व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. तारू नांवाचा गोंडांचा एक पुढारी वाघाशीं झुंजतांना पडला व देवत्वास पोंचला, अशी तेथील कथा आहे. तळ्याकांठीं त्याचें ठाणें असून वनाचें नांवहि त्याच्यावरूनच पडलें. वाघ आणि माणूस यांचा हा शेजार इतका जुना आहे.

वनाचा गाभा सुमारें ६२५ चौरस किलोमीटरचा. त्यांतील नवेगांव, जामणी यांसारखीं गांवें अलीकडे बाहेर वसविण्यांत आलीं. भोंवतालच्या सुमारें ११०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यांत मात्र घरें, शेतें आणि वाघ एकत्रच नांदतात. आपण उतरतों तीं निवासस्थानें बहुधा याच पट्ट्यांत असतात.

आपल्या मुलांच्या परीक्षा एप्रिलांत संपतात. त्या सुमारास पाणवठे आटतात, झाडोरा विरळ होतो आणि उरल्यासुरल्या पाण्यावर वाघ दिसण्याचा संभव वाढतो. म्हणून प्रवाशांची गर्दीहि तेव्हांच होते. नेमक्या त्याच दिवसांत तेथील बायका-पुरुष भल्या पहाटे मोहाचीं फुलें वेंचावयास, आणि पुढें मे महिन्यांत तेंदूचीं पानें तोडावयास रानांत जातात. अशा वेळीं वाघाच्या हल्ल्यांत माणसें दगावल्याच्या वार्ता त्या जिल्ह्यांतून वारंवार येतात. पहाट एकच आणि वाघहि तोच. आपण गाडींत बसून असतों व तीं माणसें पायीं असतात, एवढाच काय तो भेद.

२० नोव्हेंबर २०२१ रोजीं कोलारा भागांत व्याघ्रगणनेच्या कामासाठीं पायीं हिंडणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा ‘माया’ नामक वाघिणीच्या हल्ल्यांत मृत्यु झाला. हीच माया असंख्य प्रवाशांच्या छायाचित्रांतून घरोघर पोंचली होती.

आतां आपल्या घरांतील गोष्ट. एका गाडींत सहा प्रवासी बसतात. तेव्हां बारा माणसांच्या कुटुंबाला दोन गाड्या कराव्या लागतात. एकीला वाघ दिसतो, दुसरीला दिसत नाहीं, आणि सायंकाळीं चुलत भावंडांत रुसवेफुगवे सुरू होतात. अशा वेळीं ‘एवढे पैसे फुकट गेले’ असा उद्गार वडिलांच्याच तोंडून निघाला, तर मुलांनीं त्यांतून काय शिकावें? वाघ हा कांहीं तिकिटाचा मोबदला नव्हे. गाडी आणखी जवळ घेण्याचा आग्रह चालकाला कधींहि करूं नये, आणि वाघ न दिसल्यास त्याला बोल लावूं नये.

रात्रीं जेवणें उरकल्यावर दिवे मालवून सर्वांनीं अर्धा तास निवासाच्या ओसरीवर अगदीं मुकाट्यानें बसावें. आजोबांपासून धाकट्या नातीपर्यंत कोणीहि बोलूं नये. रातव्याचा एकसुरी आवाज येईल. एखादे वेळीं सांबराची इशाऱ्याची हांकहि ऐकूं येईल. मग मुलांना विचारावें, शेतावर राखणीस एकट्यानें बसलेल्या माणसाला या वेळीं हीच हांक कशी वाटत असेल?

पहाटे जो मार्गदर्शक सोबत येतो तो जवळच्याच गांवचा असतो. हल्लीं हें काम तेथील मुली व सुनाहि करितात. वाघ कोठें आहे असें विचारण्याआधीं त्यांच्या घरची व शिवाराची विचारपूस करावी. मुंबईस परतल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाघाचें चित्र दाखवितांना मुलांना त्या गांवाचीहि हकीकत सांगतां आली, तर प्रवासाचा खर्च सार्थकीं लागला असें समजावें.