वाचले, पण समजले काय?

आजची मुले वाचीत नाहीत, अशी ओरड सर्वत्र ऐकू येते. मला ती अर्धीच खरी वाटते. मुले पाठ्यपुस्तक वाचतात, मार्गदर्शक वाचतात, मोबाईलवर तर अहोरात्र वाचतात. उणीव आहे ती वाचलेले समजून घेण्याची. आणि तिचा दोष मुलांपेक्षा आम्हा शिक्षकांकडे अधिक जातो.

काही वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गात मी एक अपरिचित उतारा दिला. शेतावरून परतलेला शेतकरी बैलांना पाणी दाखवितो, वैरण घालतो आणि स्वतः मात्र न जेवता गोठ्याशी बसून राहतो, एवढाच प्रसंग. ‘‘तो का जेवला नसेल?’’ असे मी विचारले. रसग्रहणात नेहमी पैकीच्या पैकी गुण मिळविणारी एक मुलगी उठून म्हणाली, ‘‘सर, ह्याचे उत्तर कोणत्या पानावर आहे?’’ वर्ग हसला. मला हसू आले नाही. कारण वर्षभर प्रत्येक कवितेची मध्यवर्ती कल्पना फळ्यावर लिहून देणारा मीच होतो. इतक्यात मागच्या बाकावरील एक मुलगा हळूच म्हणाला, ‘‘सर, उद्या बैल विकायचे असतील.’’ उताऱ्याच्या आरंभी दुसऱ्या दिवशीच्या जनावरांच्या बाजाराचा ओझरता उल्लेख होता. तो त्याने एकट्यानेच हेरला होता. परीक्षेत जेमतेम उत्तीर्ण होणारा हा मुलगा त्या दिवशी आम्हा सर्वांपेक्षा चांगला वाचक ठरला.

रसग्रहण म्हणजे दुसरे काय? लेखकाने जे उघड सांगितले नाही, ते त्याच्याच शब्दांच्या आधाराने ओळखणे. ‘कविता सुंदर आहे’ हे रसग्रहण नव्हे. कोणत्या शब्दामुळे सुंदर वाटली, हे सांगता आले पाहिजे.

ह्यासाठी दूर जावयास नको. कवयित्री इंदिरा संत ह्यांचे वास्तव्य बेळगावातच होते. त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत ह्यांच्या कथांतील लंपन हा ह्याच मुलखातला मुलगा. आजी-आजोबांच्या मायेच्या घरी राहणाऱ्या ह्या मुलाच्या कथासंग्रहाचे नाव ‘वनवास’ का असावे? हा एकच प्रश्न वर्गात मांडून पाहावा; तासाची घंटा ऐकू येणार नाही. निपाणीचे महादेव मोरे ह्यांनी तर पिठाची गिरणी चालवीत कष्टकऱ्यांचे जग मराठीत आणले. आपल्या गल्लीतील बोली पुस्तकात भेटली, की मुलाला वाचनाचे भय उरत नाही.

माझ्या घरची भाषा कोकणी. संतवाङ्मयातील ‘उदक’ शब्दाचा अर्थ माझे सोबती पाठ करीत, तेव्हा मला नवल वाटे; आमच्या घरी रोज उदकच प्यायचे! म्हणून म्हणतो, घरी कोकणी वा कानडी बोलणारे मूल मराठीत उणे असते, हा समज सोडून द्यावा. धड्याचा आशय त्याने प्रथम घरच्या बोलीत सांगितला तरी चालेल. समजल्यावर प्रमाणभाषा मागाहून येते; न समजता आलेली प्रमाणभाषा केवळ पोपटपंची होय.

‘‘अभ्यासक्रम मोठा आणि वेळ थोडा,’’ असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. तथापि आठवड्यातून एक तास तरी टिपणे बंद ठेवून उतारा दोनदा वाचावा, मुलांकडून तो स्वतःच्या शब्दांत ऐकावा, आणि प्रत्येक उत्तराला ‘कशावरून?’ एवढाच प्रतिप्रश्न करावा. ज्याला एक धडा वाचता आला, त्याला पुढच्या दहा धड्यांची टिपणे लागत नाहीत. पालकांनीही मुलाकडून वर्तमानपत्रातील एक बातमी रोज वाचून घ्यावी आणि ‘‘काय समजले?’’ असे पुसावे.

येथे प्रश्न केवळ गुणांचा नाही. आपण सीमाभागात राहतो. आपली मुले शिकतात मराठीत, सरकारी कागद हाती येतो कानडीत, आणि नोकरीचा अर्ज भरावा लागतो बहुधा इंग्रजीत. सही करण्यापूर्वी ओळीमागचा अर्थ ओळखण्याची सवय ज्याला मातृभाषेत वा शाळेच्या भाषेत लागली, तो परक्या भाषेतही सहसा फसत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी आज देतो. उत्तर कोणत्याही एका पानावर छापलेले नसते. ते ओळींच्या मध्ये असते, आणि तेथवर ज्याचे त्यानेच जावयाचे असते.