दुसऱ्याचा मॉडही चालला पाहिजे!

18 एप्रिल 2008 रोजी बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर आयपीएलचा पहिला सामना झाला. ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट 07’ त्याआधीच, 2006 मध्ये आला होता. त्यात आयपीएल असणे शक्यच नव्हते, आणि पुढे कंपनीने तसा नवा गेम काढलाच नाही. तरीही बेंगळुरू, मुंबई, चेन्नईचे संघ घरोघरच्या पीसीवर खेळले! जर्सी, बॅटी, मैदाने, खेळाडूंच्या याद्या, सारे हौशी पोरांनी रात्री जागून केले आणि पॅच, म्हणजेच मॉड, म्हणून वाटले. याचा अभिमान धरावा तेवढा थोडा.

पण त्याच पॅचेसनी एकमेकांचे कष्ट मातीत घातले. नवा पॅच टाकायचा म्हणजे फायली गेमच्या फोल्डरमध्ये कॉपी करायच्या आणि जुन्यांवर ‘रिप्लेस’ दाबायचे. दोघांनी एकाच फायलीला हात घातला, की नंतरच्याचे राहिले, आधीच्याचे पुसले गेले. गेम बंद पडलाच तर चूक कोणाची, हेही कळत नसे.

तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. आज आहे! ‘स्टारड्यू व्हॅली’ या शेतीच्या गेममध्येही मॉडसाठी सुरुवातीला अख्खी फाइल बदलावी लागे. मग मॉडसाठी ‘कंटेंट पॅचर’ हे साधन आले. आता मूळ फाइल जागची हलत नाही. मॉड फक्त सांगतो, ‘या पिकाची किंमत बदल, बाकीचे राहू दे.’ एकाच यादीत अनेक मॉड आपापली भर घालतात आणि सुखाने नांदतात. 2024 च्या 1.6 आवृत्तीपासून मॉडमधल्या नव्या वस्तूंना आकड्यांऐवजी नावांनी ओळख देता येऊ लागली. हा बदल लहान नाही. ‘माइनक्राफ्ट’च्या जुन्या आवृत्त्यांत दोन मॉडनी एकच आकडा उचलला, तर खेळाडूला कॉन्फिग फायली उघडून ब्लॉकचे आकडे हाताने बदलत बसावे लागे. मॉडच्या लेखकाच्या बेफिकिरीचा भुर्दंड खेळणाऱ्याने का भरावा?

बेंगळुरूत कोड लिहिणाऱ्या मराठी मुला-मुलींनो, हे शहर गेमला नवखे नाही. ध्रुव इंटरॅक्टिव्ह इथे 1997 मध्ये उभी राहिली आणि 2019 मध्ये रॉकस्टारने ती घेतली. ऑफिसात सहकाऱ्याचा कोड तुम्ही न विचारता पुसता का? रिव्ह्यूशिवाय मर्ज करता का? मग रात्री मॉड लिहायला बसल्यावर ती शिस्त कुठे जाते?

लागेल तेवढ्यालाच हात लावा. मूळ फंक्शन गिळून टाकू नका. ‘रिमवर्ल्ड’ गेमचे मॉडर ‘हार्मनी’ ही लायब्ररी वापरून करतात तसे त्या फंक्शनच्या आधी किंवा नंतर आपले काम जोडा. आपल्या प्रत्येक वस्तूच्या नावाआधी आपल्या मॉडचे नाव लावा. दुसऱ्या मॉडवर अवलंबून असाल तर तसे उघड जाहीर करा. रीडमीत स्पष्ट लिहा: काय बदलले, कशाशी जमत नाही, काढून टाकल्यावर सेव्हचे काय होईल. आणि रिकाम्या गेममध्ये चालला म्हणून खूश होऊ नका; लोक ज्यांच्यासोबत तो लावणार आहेत, त्या गाजलेल्या मॉडबरोबर चालवून पाहा.

तुमचा जुना मॉड आजच उघडा. ज्या फायलींना हात लावायची गरज नव्हती, त्या आधी बाहेर काढा!