मधल्या घराचे उत्पन्न

एखाद्या जिल्ह्याची भरभराट मोजावयाची म्हटली की दरडोई उत्पन्नाचा आकडा पुढे केला जातो. महाराष्ट्रात अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्हानिहाय उत्पन्नाचे अंदाज काढते. परंतु वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) सारख्या गावी दुकान चालविणाऱ्या कुटुंबापुढचा प्रश्न निराळा असतो. आपल्या सामान्य गिऱ्हाइकाच्या घरी महिन्याकाठी किती पैसा येतो, आणि तो दहा वर्षांत खरोखर वाढला काय? उधारी किती द्यावी, कोणता माल भरावा, मुलास याच दुकानात बसवावे की नाही, हे सारे त्या उत्तरावर अवलंबून असते.

दरडोई उत्पन्न हे उत्तर देत नाही. समजा, एका गल्लीत पाच घरे आहेत. चार घरांचे मासिक उत्पन्न अनुक्रमे ९, १२, १५ व २० हजार रुपये आणि पाचव्याचे १ लाख ९४ हजार. सरासरी येते ५० हजार. पण त्या गल्लीत ५० हजारांचे एकही घर नाही. घरे उत्पन्नाच्या क्रमाने उभी केली, तर मधले घर १५ हजारांचे. या मधल्या आकड्यास संख्याशास्त्रात मध्यगा म्हणतात. पाचव्या घराचे उत्पन्न दुप्पट झाले, तरी मध्यगा जागची हलत नाही. माल सरासरीकडे पाहून भरला, तर तो फळीवरच पडून राहील.

शिवाय जिल्ह्याचे उत्पन्न म्हणजे जिल्ह्यात झालेले उत्पादन. ते सर्व तेथील घरांत पोहोचतेच असे नाही. सिंदी येथे ड्राय पोर्ट व मालवाहतूक केंद्राची योजना आहे. अशा केंद्रातील उलाढाल जिल्ह्याच्या खाती जमा होईल. नफा मात्र मालक जेथे राहतो तेथे जाईल. गावाच्या वाट्याला मजुरी, भाडे आणि किरकोळ विक्री येईल. ती कितपत आली, हे मधल्या घराचे उत्पन्नच सांगू शकते.

मग हा आकडा सहज का मिळत नाही? पहिली अडचण उत्तराची. गल्ला म्हणजे उत्पन्न नव्हे. त्यातून मालाची किंमत, भाडे, नोकरांचा पगार व व्याज वजा जाते. उलट घरच्या स्वयंपाकासाठी दुकानातून नेलेला किराणा उत्पन्नातच धरावयास हवा. कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याचा पैसा हंगामात येतो. जून महिन्यात विचारले तर तो कर्जाचाच आकडा सांगेल. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्याने विवरणपत्रांतूनही ते पुरते कळत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने १९६४-६५ व १९६९-७० मध्ये उत्पन्नाची चौकशी करून पाहिली. तेव्हा सांगितलेले उत्पन्न खर्च व बचत यांच्या बेरजेपेक्षा कमी भरले आणि तो प्रयत्न पुढे चालला नाही.

दुसरी अडचण नमुन्याची. देशासाठी पुरेशी ठरणारी घरांची संख्या एका जिल्ह्याच्या वाट्याला फार थोडी येते. अमेरिकेत यावर दोन उपाय योजले जातात: पाच वर्षांची उत्तरे एकत्र करणे, आणि सर्वेक्षणास करविवरणांसारख्या सरकारी नोंदींची जोड देऊन प्रत्येक काउंटीच्या मध्यगेचा अंदाज बांधणे.

तिसरी अडचण काळाची. देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न २०१२-१३ मध्ये ६,४२६ रुपये होते, ते २०१८-१९ मध्ये १०,२१८ झाले. वाढ ५९ टक्क्यांची दिसते. पण तीतून महागाई वजा करावी लागते. त्याच काळात पिकांपासूनचे उत्पन्न ३,०८१ वरून ३,७९८ वर, तर मजुरी २,०७१ वरून ४,०६३ वर गेली. म्हणजे शेतकऱ्याच्या घरातही मजुरीने पिकास मागे टाकले. पीक निघाल्यावर चुकते करण्याच्या बोलीवर उधारी देणाऱ्या पेढीने हा बदल ध्यानी घ्यावा. सीमांचाही विचार हवा: १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाल्यावर भंडाऱ्याचे जुने आकडे नव्यांशी थेट ताडता येत नाहीत.

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने २०२६ मध्ये कौटुंबिक उत्पन्नाचे राष्ट्रीय सर्वेक्षण हाती घेण्याचे जाहीर केले. अशा वेळी दारी आलेल्या प्रगणकास उत्पन्न कमी सांगण्याचा मोह व्यापारी घरांस होतो. कारण मनात कराची भीती असते. वास्तविक सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ अन्वये अशी माहिती केवळ सांख्यिकीय कामासाठी वापरावयाची असते. प्रत्येकाने थोडे कमी सांगितले, तर मधले घरच खाली सरकते, आणि त्या आकड्यावर बेतलेल्या योजना चुकीच्या घरी जातात. दिवाळीस वहीपूजन करणाऱ्या घरांना जमाखर्चाचे महत्त्व सांगावयास नको. जी नोंद स्वतःच्या वहीत खरी लिहिली जाते, तीच जिल्ह्याच्या वहीतही खरी उतरावी, एवढेच.